लसूणघासाच्या कडेचं मचाण

एल्क वर बघत नाही, असं मी पाच वेगवेगळ्या पुस्तकांत वाचलं होतं. त्याचं नाक कुत्र्याला लाजवेल असं, कान चहूकडे फिरणारे. पण झाडात बसून कोणी आपली वाट बघत असेल, अशी शंका त्याला सहसा येत नाही. म्हणून शिकारी झाडावर बसतात. माणूस झाडावर असला, वारा बरोबर असला आणि तोंड बंद असलं, की एल्क त्याच्या पायाखालून जातो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला उत्तम जमल्या.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेत स्थायिक झालेला, खाऊनपिऊन सुखी चुलतभाऊ. उंचीला घोड्याएवढा, आणि शिंगं अशी की ती घेऊन हा दाट झाडीतून पळतो कसा, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. आम्ही अमेरिकेतल्या ईडन प्रेरी या गावी नवं घर घेतलं होतं आणि मी मोठमोठ्या इमारतींमध्ये हवा खेळवणाऱ्या एका कंपनीत डक्टची, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांची, गणितं करत होतो. माझा बॉस मूळचा मोंटानाचा. सप्टेंबर जवळ आला की त्याचं कामातलं लक्ष उडायचं आणि दुपारच्या डब्याच्या वेळी तो खिशातून फोटो काढून दाखवायचा. त्या दिवशीच्या फोटोत एका पाइनच्या झाडाला, बारा-पंधरा फुटांवर, लोखंडी पाट बांधलेला होता.

"याला ट्री स्टँड म्हणतात," तो मला म्हणाला.

"आमच्याकडे मचाण म्हणतात," मी म्हणालो. "लहानपणी मी कितीतरी रात्री मचाणावर काढल्यात."

टेबलावर एकदम शांतता झाली. दहा वर्षांत माझ्या बोलण्यानं त्या टेबलावर शांतता होण्याची ही पहिलीच वेळ.

"काय यायचं?" बॉसनं विचारलं.

"रानडुकरं. रोही, म्हणजे नीलगाय. एकदा अस्वल."

"आणि टायगर?"

मी खिडकीतून पार्किंग लॉटकडे बघत राहिलो. ज्यानं वाघ पाहिलेत तो अशाच नजरेनं पार्किंग लॉटकडे बघतो.

आता, मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. विदर्भात मामाचं शेत जंगलाला लागून होतं. दिवाळीच्या सुटीत ज्वारी राखायला आम्ही मुलं खरोखरच मचाणावर झोपायचो. हातात बंदूक नसून तेलाचा रिकामा डबा आणि काठी असायची, आणि आलेलं जनावर मारायचं नसून बोंबलून हाकलायचं असायचं, एवढा तपशील फक्त राहून गेला. तो सांगायचा पुढे बऱ्याचदा विचार केला, पण दर वेळी कोणीतरी मला आदरानं कॉफी आणून द्यायचं.

आठवडाभरात बॉसनं मला मोंटानाचं आमंत्रण दिलं. त्याच्या वडिलांचं तिथं डोंगराच्या पायथ्याशी शेत होतं. लायसन्स नसल्यामुळे मी शिकार करू शकणार नव्हतो, पण दुसऱ्या मचाणावर बसून टेहळणी करायला माझ्यासारखा अनुभवी माणूस मिळाला, तर म्हाताऱ्याला मदतच होईल, असं त्याचं म्हणणं.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "अहो, झुरळ दिसलं की तुम्ही मला हाक मारता."

"मी मारणार नाहीये. मी नुसता बसणार आहे."

"ते तर तुम्ही इथंही करता. त्यासाठी मोंटाना कशाला?"

मी लायब्ररीतून एल्कवरची होती नव्हती तेवढी पुस्तकं आणली आणि मॅट्रिकला इतिहास केला होता त्याच पद्धतीनं एल्क पाठ केला. लाल पेन्सिलीनं खुणा, समासात संभाव्य प्रश्न. कारणे द्या: नर शीळ ऐकून सरळ न येता वळसा घालून वाऱ्याखालून का येतो? टीप लिहा: म्होरकी मादी. ही म्होरकी मादी मला फार आवडली. कळपाचा सगळा कारभार एका वयस्कर मादीकडे असतो. कुठं चरायचं, कधी निघायचं, कुठल्या वाटेनं जायचं, सगळं ती ठरवते. नर मागून शिंगं उंचावत, शीळ घालत येतो आणि कळप आपण चालवतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. हे मी बायकोला वाचून दाखवलं.

"यासाठी लायब्ररीत जावं लागलं तुम्हाला?" ती म्हणाली.

बॉसच्या पिकअपमधून दीड दिवस ड्राइव्ह करून आम्ही पोचलो. त्याचे वडील फाटकाशीच उभे होते. वय सत्तरीच्या पुढचं, अंगानं वाळलेल्या शेंगेसारखे. मी "सर" म्हणालो तर म्हणाले, "सर शाळेत असतात, मला नावानं हाक मार." बापाच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ उचलेना, आणि त्या बिचाऱ्यांना काका म्हटलं असतं तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं. चार दिवस मी त्यांना "एक्स्क्यूज मी" या नावानं हाक मारली. इथं म्हातारबाबा म्हणतो.

म्हातारबाबांनी माझ्याशी हात मिळवला, मग जवळ येऊन माझ्या जॅकेटचा वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा.

"हे काय आहे?"

हे हिंग, मोहरी आणि कढीपत्ता होतं. नव्या घरात कोटांचं कपाट स्वयंपाकघराच्या दाराशी होतं आणि तीन हिवाळ्यांच्या फोडण्या त्या जॅकेटनं आवडीनं पिऊन घेतल्या होत्या.

"वास वाईट नाही," म्हातारबाबा म्हणाले. "मला भूक लागली. पण एल्क एक मैलावरून विचारेल, आज जेवायला कोण आलंय." आणि त्यांनी माझं जॅकेट रात्रभर घोड्यांच्या तबेल्यात टांगलं. सकाळी ते घातलं तेव्हा घोडे माझ्याकडे ओळखीच्या नजरेनं बघत होते.

पहिल्या रात्री जेवताना बॉसनं मला जे आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं. म्हातारबाबांनी बंदुकीनं आयुष्यात पुष्कळ एल्क मारले होते. पण गेली वीस वर्षं ते धनुष्यबाण घेऊन बसत होते, आणि बाणानं एकही नर त्यांना मिळाला नव्हता. आता उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"डॉक्टर म्हणतो, नंतर चमचा उचलता येईल," म्हातारबाबा शांतपणे म्हणाले. "धनुष्य नाही."

धनुष्याच्या सीझनचे चार दिवस उरले होते. म्हणजे त्यांच्या खांद्याचेही चारच. आणि त्या चार दिवसांत त्यांनी शेजारच्या झाडावर मला बसवलं होतं, कारण मी वाघवाला होतो. मी ताटातल्या बटाट्याकडे बघत बसलो. डब्याची आणि काठीची गोष्ट सांगायची याहून चांगली वेळ नव्हती. तेवढ्यात म्हातारबाबांनी विचारलं, "अस्वल आलं तेव्हा तू काय केलंस?"

"शांत राहिलो," मी म्हणालो. हेही खरंच होतं. भीतीनं आवाजच फुटला नव्हता.

पहिल्या दिवशी दुपारीच आम्ही जंगलाच्या कोपऱ्यात दोन शेजारशेजारच्या झाडांवर चढलो. बॉस दुसऱ्या डोंगरावर गेला. समोर म्हातारबाबांचं लसूणघासाचं, म्हणजे गुरांच्या चाऱ्याचं, शेत, हिरवंगार. दिवसभर एल्क वरच्या दाट झाडीत रवंथ करतात आणि दिवस कलला की चरायला या शेतात उतरतात. सूर्य टेकला तशी वरून शीळ आली. एल्कच्या नराची शीळ पुस्तकात वाचून कळत नाही. गंजलेलं मोठं फाटक कोणीतरी हळूहळू उघडावं, ते वर चढत चढत बासरीसारखं व्हावं आणि शेवटी उचक्या लागाव्यात, असं काहीतरी. माझ्या अंगावर काटा आला. मग माद्या दिसल्या. पुढं ती म्होरकी. शंभर पावलांवर थांबली, नाक वर केलं, कुत्र्यासारखी एकदा भुंकली, आणि सगळा कळप आल्या वाटेनं परत.

म्हातारबाबांनी माझ्या जॅकेटकडे पाहिलं.

माझा अभिमान दुखावला. पण या वेळी मात्र विषय हवेचा होता, आणि हवेवर माझं पोट चालत होतं. म्हातारबाबांच्या धनुष्याला दोऱ्यानं एक बारीक पीस बांधलेलं होतं, वारा कळायला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पीस मागून घेऊन मी शेताच्या कडेनं दोन तास हिंडलो. संध्याकाळी डोंगर थंड झाला की हवा पाण्यासारखी खाली वाहते, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. पण त्या कोपऱ्यात एक कोरडा ओहळ वळण घेऊन येत होता. तो म्हणजे सरळसरळ डक्ट. वरून आलेली हवा त्या वळणावर फिरायची आणि आमचा वास उचलून थेट एल्कच्या वाटेवर नेऊन टाकायची. मी मातीत काडीनं आकृती काढली. बाण काढले. दोन समीकरणंही लिहिली असती, पण म्हातारबाबांनी हात वर केला.

"वीस वर्षं मी त्या कोपऱ्यात बसतोय," ते म्हणाले.

"आय नो. सॉरी."

त्यांनी वाकून आकृतीतला एक बाण बोटानं गिरवला. मग म्हणाले, "शिडी आण."

दुपारपर्यंत आम्ही दोन्ही पाट शेताच्या खालच्या बाजूच्या झाडांना बांधले. त्यांचं झाड आणि माझं, मध्ये चाळीस पावलं. चार वाजता मी कमरेला दोर बांधून वर बसलो. माझ्या पाटाला बांधलेलं पीस माझ्या गणिताप्रमाणे हलत होतं. आयुष्यात माझं एखादं गणित इतकं देखणं दिसलं नव्हतं. आज बाकी काही करायचं नव्हतं. तोंड बंद ठेवायचं, बस.

आता झोपेचं सांगायला हवं. दोन रात्री मी धड झोपलो नव्हतो. मला दिलेल्या खोलीत भिंतीवर तीन मुंडकी होती आणि दिवा मालवला तरी त्यांचे काचेचे डोळे माझ्यावर होते. शिवाय पहाटे चारला उठलो होतो. पश्चिमेचं ऊन अंगावर आलं, झाड वाऱ्यानं मंद हलत होतं, लसूणघासाचा गोडसर वास येत होता. पापण्या कधी मिटल्या ते कळलं नाही.

जाग आली ती कुरकुर आवाजानं. जनावर ओला चारा मुळापासून तोडतं ना, तो आवाज. डोळे अर्धवट उघडले. मी मचाणावर होतो. खाली कोणाच्या तरी घामाचं हिरवं पीक होतं. आणि त्या पिकात पंधरा-वीस दांडगी जनावरं घुसून बिनधास्त चरत होती.

पुढं जे झालं त्यात माझी अक्कल कुठंही नव्हती. चार दिवाळ्यांच्या सुट्यांत मामानं जे अंगात मुरवलं होतं ते आपोआप बाहेर आलं. मी पाटावर उभा राहिलो, शेजारचा स्टीलचा थर्मास उचलून लोखंडावर दणादणा बडवला आणि छाती फोडून ओरडलो, "हाऽऽट! होऽऽ हाऽऽट! हुर्रऽऽ हाऽऽट रे!"

मोंटानात इतक्या तळमळीनं मराठी त्याआधी कोणी बोललं नसेल.

क्षणभर काहीच हललं नाही. वीस माना उंचावल्या. आणि मग ती म्होरकी, जी पाचही पुस्तकांप्रमाणे वर बघत नाही, तिनं वर बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत. वरच्या मजल्यावरून कोणी केर टाकला की खालची काकू जशी बघते, अगदी तशी. मग एकदा भुंकली, आणि पायांचा गडगडाट.

आवाज विरला तेव्हा मला पूर्ण जाग आली होती. मी चाळीस पावलांवरच्या झाडाकडे पाहिलं.

म्हातारबाबा धनुष्य पूर्ण ताणून उभे होते. बाण झाडीच्या कडेवर रोखलेला. तिथं, त्यांच्यापासून वीस पावलांवर, कळपाच्या मागून येणारा नर उभा असणार, कारण तिथल्या फांद्या अजून हलत होत्या. त्याचं एकच पाऊल बाहेर पडायचं राहिलं होतं. म्हातारबाबांनी हळूहळू दोरी सैल केली. ती सैल करतानाही त्यांचा खांदा थरथरत होता, तो मला चाळीस पावलांवरून दिसला.

खाली उतरायला मला फार वेळ लागला. कमरेची गाठ सुटत नव्हती, आणि ती लवकर सुटावी असं मला फारसं वाटतही नव्हतं. म्हातारबाबा माझ्या झाडाखाली येऊन उभे राहिले.

"काय ओरडत होतास?"

मग मी सगळं सांगितलं. तिथंच, झाडाला टेकून. मामा, ज्वारी, डबा, काठी. वाघ नाही. बंदूक नाही. अस्वलापुढं दातखीळ. नऊ महिन्यांच्या बाळाला कळेल इतक्या सोप्या इंग्रजीत सांगितलं. ऐकून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"म्हणजे तू पीक राखत होतास."

"हो."

"माझं."

"हो."

"हं," ते म्हणाले, आणि पिकअपकडे चालू लागले.

बॉस मात्र तुमच्याआमच्यासारखाच माणूस होता, तो रागावला. त्या रात्री तो माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला. दुसऱ्या दिवशी हवामानाबद्दलही नाही. मी घरी फोन केला तेव्हा बायकोनं सगळं ऐकून घेतलं, एकदाही हसली नाही, आणि तेव्हा मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. "त्यांना सॉरी म्हणालात ना नीट?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो होतो. सात वेळा.

तिसऱ्या दिवशी म्हातारबाबा एकटे बसले आणि रिकाम्या हातानं आले. पुस्तकांत हेही होतं, पान मला पाठ होतं: एकदा कळप असा दचकला की तो नुसता बाजूला सरकत नाही, दरीच सोडून जातो. आठ-आठ दिवस फिरकत नाही. मी हे कोणाला सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. चार दिवसांत तिथं मला नीट जमलेलं ते दुसरं काम. म्हातारबाबा दारात आले.

"चल."

"मी? नको. प्लीज."

"तू वर बसलास की वारा बरोबर असतो," ते म्हणाले. "आणि आज तू माझ्याच झाडावर बसणार आहेस. हाताच्या अंतरावर. ओरडलास तर ढकलून देईन."

त्यांच्या झाडाला शेजारी दुसरा पाट बांधलेला होता. तो त्यांनी कधी बांधला, त्या खांद्यानं, मला माहीत नाही. आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. मी डोळे इतके ताणून उघडे ठेवले होते की त्यांतून पाणी यायला लागलं. ते कुजबुजत मला दाखवत होते: ती वाट, त्या झाडाची साल शिंगं घासून सोलली आहे ती, तिथं चिखलात लोळतात. यातलं काहीच मला पुस्तकातून दिसलं नव्हतं. शेत मोकळं होतं. दोन खारी आल्या, एक कोल्हा शेताच्या कडेनं कामाला निघाल्यासारखा गेला. सूर्य डोंगराआड उतरला. पीस आमच्याकडून खालच्या अंगाला अगदी बरोबर झुकत होतं, आणि आमचा वास ज्यांच्यापासून लपवायचा ते तिथं नव्हतेच.

अंधारत गेलं. कायद्यानं सूर्यास्तानंतर अर्धा तास बाण सोडता येतो. म्हातारबाबा मधून मधून घड्याळ बघत होते. एकदा त्यांनी उभं राहून धनुष्य पूर्ण ताणलं, रिकाम्या शेतावर रोखून, आणि धरून ठेवलं. मी मनात आकडे मोजत होतो. अकरापर्यंत खांदा स्थिर होता. मग त्यांनी दोरी हळूच सैल सोडली, घड्याळ पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "संपला."

मला वाटलं आता काहीतरी बोलावं. मी तोंड उघडलं.

"आता ओरड," ते म्हणाले.

"काय?"

"ते परवाचं. आता सीझन संपलाय. मला ते नीट ऐकायचंय. परवा माझं लक्ष दुसरीकडे होतं."

मी ओरडलो. पहिल्यांदा लाजत, मग त्यांनी मान हलवली म्हणून पुन्हा, पूर्ण. "हाऽऽट! होऽऽ हाऽऽट!" आवाज शेतावरून गेला, समोरच्या डोंगराला लागला, परत आला.

आणि त्याच्या मागोमाग, खूप दुरून, तो गंजल्या फाटकाचा आवाज हळूहळू वर चढला, बासरीसारखा झाला आणि उचक्या देत थांबला.

माजावर आलेला नर कशालाही उत्तर देतो, पिकअपच्या दाराच्या धडाक्यालासुद्धा. हे मी वाचलं होतं. म्हातारबाबांनी बाण भात्यात ठेवायला हात मागं नेला होता. तो तसाच हवेत राहिला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. सीझन संपून तीन मिनिटं होऊन गेली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"दोन डोंगर पलीकडे," ते अखेर म्हणाले. "तोच आहे."

"कशावरून?"

"उचक्या. शेवटी चार देतो." त्यांनी बाण भात्यात सरकवला. "पुन्हा एकदा."

मी पुन्हा ओरडलो. तो पुन्हा बोलला. मी मोजल्या, चारच होत्या. मग म्हातारबाबांनी धनुष्य दोराला बांधलं आणि अंधारात, एकेक हात दोर सैल करत, जपून खाली सोडलं.